नमुना

मार्केट यार्डात हळकुंड मोडून बघतात.
पोतं फोडायचं, मूठ भरायची, त्यातलं एक घ्यायचं,
कट्.
आतला रंग दिसला की मग भाव बोलायचा.
सतरा वर्षं मी काट्यावर आहे. वजन माझं, रंग दुसऱ्याचा.
शाळा कशी मोडून बघायची
ते अडत्याला विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं.

कुबेर मगदूम, एजंट, म्हणाला,
विश्रामबागेत बघा. दोन खोल्या, हॉल, अठ्ठेचाळीस.
पूर येत नाही, आणि शाळा खिडकीतून दिसते.
दिसते म्हणजे किती, त्रिशलानं विचारलं.
वहिनी, दिसण्याचेच सात लाख आहेत, तो म्हणाला.

अर्धी रजा काढून गेलो, कारण रविवारी
शाळा म्हणजे नुसती इमारत.
साडेबाराला फाटकासमोर उभे राहिलो,
रिक्षावाल्यांच्या घोळक्यात,
जणू आमचंही कुणी सुटणार आहे.
पोरं आली. बूट चकचकीत.
एकजण धावला, वॉचमननं शिट्टी मारली,
आणि तो जागच्या जागी थांबला, इतका पटकन
की मला बरं वाटलं, आणि लगेच वाटेनासं झालं.
ऑफिसात फॉर्म दिला: वडिलांचं शिक्षण, आईचं शिक्षण,
घरात बोलली जाणारी भाषा.
त्या रकान्यावर त्रिशलाचं पेन जरा थांबलं.
मराठी लिहिलं तिनं,
पण बारीक लिहिलं.

दुसरा प्लॉट बुधगावचा. सव्वा गुंठा.
ग्रामपंचायतीचा नमुना आठ
कुबेरनं हवेत फडफडवून दाखवला, एकदम स्वच्छ.
शाळा जिल्हा परिषदेची आहे, ती नाही बघितली तरी चालेल.
म्हणून बघितली.
ऋजुतालाही नेलं, तिची शाळा बुडवून.

त्रिशला आधी नळ मोजायला गेली. सहा, त्यातले चार चालू.
मुलींच्या संडासाला आतून कडी होती.
कडी आहे, ती येऊन म्हणाली,
जसा काही हंडा सापडला.

सातवीतल्या एका पोराला मी विचारलं,
साडेतीन क्विंटल, अकरा हजारांनी, किती?
त्यानं आकडा सांगितलाच नाही.
वर बघून म्हणाला, अडत वजा करायची का?

कट्.

बिरनाळे बाई हात झटकत वर्गाबाहेर आल्या. खडू उडाला.
म्हणाल्या, पोरगी द्या, मला आवडेल.
पण माझ्या भरवशावर घर घेऊ नका.
मेमध्ये बदली आहे. बहुतेक जत तालुका.
नंतर कोण येईल, का कुणी येणारच नाही,
ते मलाच माहीत नाही.
आत्ताही दोन वर्ग एका खोलीत बसतात. तेही बघून जा.

बघितलं.
तिसरीची पोरं चौथीचा धडा ऐकत होती
आणि चौथीची खिडकीतून आम्हाला.

कर्ज वीस वर्षांचं. बाई मेपर्यंतच्या.
हे बँकेत सांगता येत नाही.
तिथं तारणाला भिंती लागतात.

येताना रेल्वे फाटक पडलेलं.
ऋजुता पुढं, गाडीच्या टाकीवर, बोर्ड वाचत, मोठ्यानं:
टा-य-र. पं-च-र. हे काय? प्लॉट. प्लॉट वि-क-णे.
जोडाक्षराला ती अडते आणि रागावते,
स्वतःवर नाही, अक्षरावर.
मागून त्रिशला म्हणाली,
जतला गुंठ्याला काय भाव असेल?
मी हसलो.
आरशात बघितलं तर ती हसत नव्हती.

खिशात कुबेरचा फोन दोनदा वाजून थांबला.
टोकन कुठलं करायचं, हेच असणार.
गाडी गेली, फाटक वर झालं,
मागच्यांनी हॉर्नवर हात ठेवले.
थांब, ऋजुता म्हणाली,
माझं अजून वाचून व्हायचंय.