आधी कान हलतो

बाटलीवरचं नाव मी ओळखलं.
उरकुडे मॅडम समजावत होत्या,
भुलीचंच औषध आहे, मात्रा अगदी थोडी,
चाळीस मिनिटं थेंब-थेंब जाईल,
आणि मी मान डोलवत होतो
पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी.

अकरा वर्षं झाली, गोरेवाड्यात
हेच मी सुईत भरून देतो.
विहिरीतून काढलेला बिबट्या,
कोणाच्या न्हाणीत शिरून बसलेला बिबट्या.
डॉक्टर नेम धरतात, मी घड्याळ.
आडवा झाला की डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचं,
कारण डोळे मिटत नाहीत त्याचे.
उघडेच राहतात, पाहत काही नाहीत.

कुंदाचे तसे होते. सात महिने.

गंजात दूध ओतून ती गॅस पेटवायला विसरली,
मग दूध ओतायला,
मग उठायला.
आई म्हणाली, "बाहेरचं असन काही."
एका रात्री कुंदानंच सांगितलं,
गच्चीच्या दाराला कुलूप लावा,
किल्ली तुमच्याजवळ ठेवा.
तेव्हा मला समजलं. तोवर नाही.

दोन गोळ्या झाल्या, आता ही तिसरी.
ती बंद नाही करायची, ढोके सर म्हणाले,
गोळी पायी येते, तिला आठवडे लागतात.
हे बाटलीतलं फटफटीवर येतं,
पण मुक्काम करत नाही.
जंगलात आम्ही दोन औषधं एकाच सुईत भरतो.
इथं एक शिरेतून,
दुसरं रात्री जेवण झाल्यावर, पाण्यासोबत.

धंतोली, दुसरा मजला, पडदे ओढलेले.
दंडावरचा पट्टा फुगतो, सुटतो.
"माझे हात कुठं गेले?" तिनं विचारलं.
"आहेत. इथंच आहेत."
शुद्धीवर येताना आधी कान हलतो,
मग जीभ, मग मान.
तेव्हा गाडी सुरू करायची नाही,
फोटो काढायचे नाहीत.
खाली ऑटोवाले भांडत होते,
वाटलं जाऊन सांगावं,
हळू बोला ना बाप्पा,
उठून राहिली ती.

संध्याकाळी घरी, सक्करदऱ्याला,
भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली,
"कूलरमध्ये पाणी नाही वाटते.
कोरड्या ताटीचा वास येऊन राहिला."
मी बादली लावली
आणि ती भरून वाहायला लागली तरी
नळापाशीच उभा राहिलो.

चौथ्या दिवशी पुन्हा गप्प.
सरांनी सांगितलंच होतं.
गुरुवारी दुसरी बाटली.
गोळी रोज नऊला, ती अजून वाटेतच असेल,
काटोल नाक्यापर्यंत आली असेल,
पायी, मे महिन्याच्या उन्हात.

पिंजऱ्याचं दार उघडलं तरी
बिबट्या लगेच जात नाही.
बसून राहतो. लोक विचारतात, जात काहून नाही?
आम्ही जीपच्या मागं सरकतो,
घड्याळ पाहत नाही.

गच्चीची किल्ली
अजून माझ्याच खिशात आहे.
काल तिनं विचारलं, वाळवण टाकायचं होतं.
मी म्हटलं, चल, मीही येतो.