मागची बाजू

सातपूर विभागीय कार्यालय, खिडकी क्रमांक चार.
पाणीपट्टी सवलतीचे अर्ज घेतो आम्ही,
दहा ते साडेबारा,
आणि सर्व्हर असेल तर जेवणानंतरही.

अर्ज एका पानाचा. रकाना नववा:
‘अडचणीचे कारण, एका ओळीत.’
ओळ बारा सेंटिमीटर, मी पट्टीने मोजली आहे.
पुढे चौकोन, त्यात आकडा टाकायचा मी.
एक म्हणजे नोकरी गेली, दोन म्हणजे आजारपण,
तीन म्हणजे कमावतं माणूस गेलं,
चार, इतर.

महागाईला आकडा नाही.
महागाई चारमध्ये.

हिरामण गांगुर्डे, अशोकनगर. टर्नर होते.
कारखाना चाकणला गेला, ते नाही गेले.
त्यांनी लिहिलं, ‘वेळ आली आहे.’
शबाना अत्तार यांनी लिहिलं ‘तेल’,
खोडून ‘डाळ’,
मग तेही खोडून विचारलं,
साहेब, यातलं कुठलं चालेल?

मी साहेब नाही.
अकरा महिन्यांच्या करारावर आहे, बारावा महिना घरी.
रात्री सिलिंडर हलवून बघतो,
आवाजावरून दिवस काढतो,
आणि बायकोला दोन जास्तीचे सांगतो.

मग आल्या केवळबाई अहिरराव.
बोलण्यात खानदेशी हेल, काखेत कापडदुकानाची पिशवी,
पिशवीत सात वर्षांची बिलं
सुतळीने बांधलेली, वर्षवार.
‘तू लिही, मी सांगते.’
एका ओळीत सांगा, मावशी.

‘आधी दूध अर्ध्याचं पाव केलं.
मग चहाच कोरा. बरा लागतो कोरा.
मग बसचा पास सोडला, पपया नर्सरीपर्यंत पायी जाते,
तिकडे दोन घरच्या पोळ्या आहेत.
सिंहस्थाचं खोदकाम चाललंय ना, खड्डे चुकवत
अर्धा तास जास्त लागतो, तेवढंच.
कुकरची रिंग गेली. डाळ दुपारीच भिजत घालते.
बीपीची गोळी एक दिवसाआड,
ते डॉक्टरला माहीत नाही, तू लिहू नको.
नात म्हणाली, दिवाळीला येते.
म्हटलं, तू कशाला, मीच येईन.
गेले नाही.’

ओळ दुधापाशीच संपली होती.
मी अर्ज उलटा केला.
मागची बाजू पांढरी स्वच्छ,
महापालिकेला तिथे काहीच विचारायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच रांग जिन्यापर्यंत.
कुणी कुणाला सांगत होतं,
चार नंबरला मागून पण लिहून घेतात.

निकुंभ मॅडमनी गठ्ठा मागवला.
‘स्कॅनर एकच बाजू घेतो, माहीत आहे ना?’
माहीत आहे, मॅडम.
‘मग?’
मग-ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
त्यांनी वरचा अर्ज उलटला, मग खालचा,
मग खुर्ची ओढून बसल्या.
चहावर साय धरली.
उठताना म्हणाल्या,
‘काळं पेन नको वापरू, आरपार उमटतं.
निळं घे. स्टोअरमधून माझ्या सहीने.’

पंधरा दिवसांनी मंजुरी:
दंड माफ, एक हजार एकशे चाळीस.
मूळ थकबाकी तशीच, चार हप्ते.
केवळबाईंनी पहिला हप्ता मोजला,
नोटा आधी, मग दहाची नाणी, मग पाचची,
एक नाणं बोटांत घोळवत थांबल्या.
‘मागचं कुणी वाचलं का रे?’

वाचलं, म्हटलं. मॅडमनी वाचलं.

त्यांनी पदर सारखा केला,
जणू मॅडम समोरच उभ्या.
‘आणि गोळीचं?’
मी खाली बघितलं.
‘सांगितलं होतं ना, लिहू नको म्हणून.
खोड ते. आत्ता, माझ्यासमोर.’

फाईल काढली. खोडलं, दोनदा रेघ ओढून.
त्यांनी चष्मा लावून खात्री केली,
पावती घडी करून सुतळीत खोचली
आणि गेल्या, पायी.

निळी शाई.
ट्यूबलाइटखाली धरलं
तर वाचता येतं अजून.