चुंबक चिकटतो का

छोट्या ग्वालटोलीत हकीमुद्दीनभाई
चष्म्यावरून बघत विचारतात,
"ताई, गाडी कळली. डबा कोणता?"

गाडीचा नंबर मला पाठ आहे,
इंजिनाचा फोनमध्ये आहे,
बाळकाकांनी पाटबंधारे खात्याच्या लिलावात
ती कितीला उचलली, तेही ठाऊक आहे.
डबा म्हटल्यावर मला पोळीभाजीच आठवते.

"चार गिअरचा, की पाच?"
मी ऐटीत सांगते, पाच. नॉबवर कोरलेत.
ते सील काढायला उठतच नाहीत.
"नॉब का क्या है, बेहेन,
समोरच्या टपरीवर मिळतो.
आधी खालून बघून या."

काका पाचवा कधी टाकत नसत.
भेरूघाट उतरून सपाटीला लागलो
की आम्ही मागून ओरडायचो, काका, पाचवा!
ते म्हणत, तो पेन्शनसाठी ठेवलाय.
पेन्शन आली, मोतीबिंदू आला,
चावी माझ्याकडे आली.
मीही नऊ वर्षं चौथ्यावरच थांबले.
दुसऱ्याची ठेव.
आपण कशाला मोडा.

पालद्याला गेंदालालच्या शेडमध्ये
गाडी खड्ड्यावर, आम्ही खड्ड्यात.
मी भाच्याची ट्रॅकपँट घालून.
ज्यात इतकी वर्षं वरून बसले
ते पहिल्यांदाच खालून बघितलं:
काळं, ओलं, गिअर ऑइलच्या
उग्र वासाचं एक पोट,
टोकाशी थेंब धरून.

गेंदालाल डिझेलच्या फडक्याने पुसतो,
स्क्रू-ड्रायव्हरने खरवडतो.
दोन रिवेटांची भोकं सापडतात,
मधली पट्टी नाही.
बाजूला उठावाचे आकडे: एक तीन, एक बहुधा आठ,
पुढचं दगडाने खाल्लेलं.
"चुंबक आहे?"
मी वर जाऊन पर्स उपसते.
फ्रिजवरून पडलेला, महेश्वरच्या घाटाचा,
चिकटवीन चिकटवीन म्हणत महिनाभर सोबत फिरवलेला.

"पाचवाला अल्युमिनियमचा येतो, दीदी.
चिकटला तर बीड. बीड म्हणजे चार."

खट्.

अहिल्येचा अख्खा घाट
उलटा लटकतो आमच्या डोक्यावर,
पायऱ्या, होड्या, सगळं.
गेंदालाल बोटाने ढकलून बघतो. हलत नाही.

म्हणजे नव्हताच.
पेन्शनसाठी काही ठेवलेलंच नव्हतं,
आणि लिलावाच्या दुसऱ्या दिवशी टपरीवर
तो माणूस चारचा नॉब सोडून
पाचचा निवडत उभा होता.

मला हसू येतं, खड्ड्यात घुमतं.
गेंदालालला वाटतं मला वास लागला.

हकीमुद्दीनभाईंना फोन करते:
चार. बिडाचा.
ते म्हणतात, जुनं सील घेऊन या तरीपण,
मापाला माणसापेक्षा रबर खरं.

संध्याकाळी गेंदालाल हात पुसत विचारतो,
"नॉब बदलून टाकू? खोटा आहे."
नको.

सुपर कॉरिडॉर रिकामा होता.
चौथ्यावर गाडी, काच खाली.
जिथे पाच कोरलाय, उजवीकडे वर,
तिथे दांडा मी एकदाच,
अगदी हळू, नेऊन बघितला.
भिंत लागली.
थोडी थरथरत होती, कोमट.