वारं आळशी असतंय

उजळाईवाडीच्या माळावर मे महिना
हँगरच्या पत्र्यातून कडाकडा वाजत होता.
शिकाऊ पोरांचं चार सिलिंडरांचं विमान
तिसऱ्या दिवशीही तीच तक्रार घेऊन उतरलं:
तीन नंबर तापतोय.

प्लग बदलून झाले होते. तेल बदलून झालं होतं.
पुण्याच्या माणसानं फोनवर सांगितलेलं सगळं
मी वहीत उतरवलं, करून पाहिलं,
आणि काटा लाल रेघेला टेकूनच,
चौकटीला टेकलेल्या बिनकामाच्या दिरासारखा.

दस्तगीर शिकलगार तोवर गप्प होते.
उद्यमनगरात तीस वर्षं पत्रा ठोकलेला माणूस,
एका कानानं कमी ऐकणारा.
"इंजनाला काय झालंय ते सोड," म्हणाले,
"वाऱ्याला काय झालंय ते बघ."

पंख्यामागं दोन नाकपुड्या.
तिथून आत आलेलं वारं आधी वर कोंडावं लागतं.
कोंडलं तरच ते खाली उतरतं
सिलिंडरच्या पातळ पात्यांच्या फटीफटीतून
आग अंगावर घेत,
आणि पोटाखालच्या झडपेतून निघून जातं.
आडोसे पत्र्याचे, कडेला रबराच्या पट्ट्या.
एवढ्यावर माणसं आभाळात जातात.

"वारं आळशी असतंय पोरी.
सोपी वाट गावली
तर तापल्या घरात कोण जाईल?"

अंधार पडायची वाट पाहिली.
त्यांनी इंजिनाच्या पोटात एक बल्ब सोडला,
झाकण लावलं, हँगरचे दिवे घालवले.
बाहेर गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची शिफ्ट सुटत होती.
मी नाकपुडीला डोळा लावला.
पात्यांमधून झिरपणारा उजेड, तो ठीक.
पण मागच्या उजव्या कोपऱ्यात
एक पिवळी रेघ, बोटभर लांब,
दार नीट न लागलेल्या खोलीसारखी.

पट्टी उलटी दुमडली होती.
वाऱ्याकडं तोंड करून उभी राहायची,
म्हणजे वारंच तिला दाबून धरतं;
ती पाठ करून पडलेली.
मंगळवारी झाकण मीच लावलं होतं.
साडेपाचची बस होती.

बोलले नाहीत. फक्त बल्ब माझ्या हातात दिला
आणि पाठीमागची एक नळी दाखवली,
करंगळीपेक्षा थोडी जाड, मॅग्नेटोपर्यंत गेलेली.
"ह्यो मागं बसतोय. ठिणगी देतोय.
हिथवर वारं आपसूक येत न्हाई,
आणून द्यावं लागतंय."

आमचे आण्णा शिरोलीच्या फाउंड्रीत
कोअरच्या भट्टीमागं सव्वीस वर्षं.
पंखा होता. सुपरवायझरच्या टेबलाकडं तोंड करून.

सकाळी विमान वर गेलं, तासाभरानं आलं,
काटा आपल्या जागी, निमूट.
पंखा थांबला. मी नोंद लिहायला वही उघडली
तर दस्तगीर धावतच आले,
तेल बघायचं छोटं दार त्यांनी उघडून ठेवलं.
आतून झळ आली, चेहऱ्यावर.

"आत्ता तर बंद झालंय," मी म्हणालो.
आमच्याकडं पोरीही असंच म्हणतात.

"म्हणूनच. चालतंय तोवर वारं मिळतंय.
थांबलं की आतली सगळी धग वर येती,
मागची नाजूक सामानं तवा भाजतात."

आण्णा मार्चमध्ये रिटायर झाले.
तेव्हापासून घरात कुणाशी धड बोलत नाहीत.
कालच ताट ढकललं, आमटीत मीठ कमी म्हणून.
आई म्हणाली, आता कुठं आराम मिळालाय,
आता कशाला तापतोय हा माणूस?

मी नोंद पूर्ण केली.
तीन नंबर. पट्टी सरळ केली. चूक माझी.
दार अजून उघडं होतं,
वरची हवा पाण्यासारखी हलत होती,
आणि दस्तगीर घड्याळ न बघता
शेजारी उभे होते.