दाबू नकोस

बावीस वर्षं एकच काप.
पट्ट्यावरून लटकत येणाऱ्या प्रत्येक धडाला
फऱ्याखाली, डावीकडून, तोच एक काप,
पोलादी जाळीच्या हातमोज्यात मूठ आवळून.
आता सुट्टीच्या दिवशीही ही दोन बोटं
पुरती उघडत नाहीत.

ओमाहाहून लेक आली ती सांगतच,
"पापा, मी आता गाय खात नाही."
बॅग अजून दारात होती.
मी म्हटलं, बरं.
तुझी फी त्याच गाईंनी भरली,
हे जिभेवर आलं, आणि मी पाणी प्यालो.

"टर्की चालेल?"
"टर्की चालेल."

टर्कीतलं मला काही कळत नाही.
गाईचं मांस हातात घेतलं की बोलतं:
इथे चरबी, इथे शीर, इथे थांब.
हा खिमा फिकट, चिकट, मुका.
पहिल्या दिवशीचे बर्गर असे झाले
की यारेत्सीनं चावता चावता तीनदा पाणी घेतलं
आणि म्हणाली, "छान झालंय."
खोटं बोलायला तिला कुणी शिकवलं?
तिच्या आईनं तर नक्की नाही.
उरलेला कुत्र्यानं हुंगला,
आणि बराच विचार करून खाल्ला.

कुंपणापलीकडचा म्हातारा डॉयल म्हणाला,
"त्याच्यात जे नाहीये, ते तू घाल."
एवढं बोलून तो कुंपणाच्या खिळ्यांकडे वळला.

म्हणून आज
कांदा किसला, चिरला नाही. त्याचं पाणीही ठेवलं.
शिळ्या पावाचा कुस्करा दुधात भिजवला.
फ्रीजरमधून काढलेलं लोणी, दगडासारखं, किसणीवर धरलं;
पांढरे कीस खिम्यात पडले आणि लपले.
पोब्लानो मिरची ज्वाळेवर काळी होईतो भाजली,
घरभर ठसका. कुत्रा बाहेर गेला.
मीठ शेवटी.
मग हलक्या हातानं कालवलं,
म्हणजे माझा हात होईल तेवढ्या हलक्या.
मळायचं नाही, हे कळायला वेळ लागला.
बावीस वर्षं मला जोर लावायचे पैसे मिळाले.

मधोमध अंगठ्यानं खळगा,
नाहीतर फुगतात, रुसलेल्या गालासारखे.
बिडाचा तवा. चमचाभर तेल. चर्र.

खिडकीबाहेर मार्च.
मक्याच्या कापलेल्या शेतांत क्रौंच दाणे टिपत होते,
दरवर्षी येतात, प्लॅट नदीच्या उथळ पाण्यासाठी,
आणि निघून जातात.

उलथनं हातात आलं की आपोआप दाबलं जातं.
"पापा, दाबू नकोस," ती मागून म्हणाली,
"रस जातो सगळा."
मी उलथनं उचललं.

मला विचारायचं होतं
रात्री दोनला फोनवर कोण असतं,
डोळे झोपेनं सुजलेत की कशानं,
आणि एवढी मोठी बॅग आठवड्याच्या सुट्टीला कशाला.
मी विचारलं, "चीज घालू?"
"घाल."

काटा एकशे पासष्टवर आला तसे उतरवले,
झाकून पाच मिनिटं ठेवले.
त्या पाच मिनिटांत काही करता येत नाही.
मी ओटा पुसला. पुसलेलाच परत पुसला.

पहिल्या घासाला रस तिच्या मनगटावरून
कोपरापर्यंत ओघळला.
तिनं तो चाटला, लहानपणी आईस्क्रीम चाटायची तसा,
आणि दुसरा घास तोंडात असतानाच म्हणाली,
"मी कॉलेज सोडलंय, पापा. जानेवारीतच."

क्रौंच एकदम ओरडले, की आधीपासून ओरडत होते,
कुणास ठाऊक.
माझ्या हातात पाव होता, तीन बोटांत नीट धरलेला,
उरलेल्या दोघांत कसाबसा.

बऱ्याच वेळानं मी म्हणालो,
"लोणी जास्त झालं का?"

"नाही," ती म्हणाली.
नाक बाहीला पुसलं.
"अजून एक आहे ना?"