बंधित, अबंधित

ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर
अकरा लाख चाळीस हजार दिसतात.
दिसतात, एवढंच म्हणायचं.
सरपंच कौसाबाई खिल्लारे पडद्याला बोट लावून बघतात.
पडदा कोमट असतो.

ग्रामसेवक म्हणतो, यातले साठ टक्के बंधित,
पाणी आणि स्वच्छता, बास.
बाकीचे अबंधित,
पण आराखड्यात आधी लिहिलं असेल तरच.
बंधित म्हणजे दावणीचं, हे कौसाबाईंना लगेच कळलं.
अबंधित म्हणजे दावं थोडं लांब,
हे कळायला दुसरं वर्ष लागलं.

शाळेपाशी हात धुवायचं केंद्र झालंय.
सहा तोट्या, निळ्या फरशा, वर योजनेचं नाव.
दुधना कोरडी आहे,
त्यामुळे फरशा अजून नव्याच्या नव्या.

मागल्या अवसेला वेशीवरचा बल्ब गेला.
एकशे नव्वदचा.
ग्रामसेवकानं आराखडा चाळला,
त्यात वेस सापडली नाही.
सहीचं डोंगल कौसाबाईंच्या चंचीत असतं, सुपारीशेजारी.
त्यानं अकरा लाख हलतात,
एकशे नव्वद हलत नाहीत.

मग इलियास शिपायाला धाडलं घरपट्टीला.
पहिल्या उंबऱ्यावर ऐकलं,
"दिल्लीहून यायलंय की रगड,
आमच्या दोनशेनं काय व्हायचंय?"
दुसऱ्या उंबऱ्यावर,
"आधी दिवा लावा, मग मागा."
तिसऱ्या घराला बाहेरून कुलूप,
आत टीव्ही चालू.

बुधवारी बाजार भरला.
पावतीबुक घेऊन कौसाबाई स्वतः फिरल्या,
जागेचे दहा, पाल मोठं असलं तर वीस.
मिरचीवाल्यानं घासाघीस केली.
सेलूहून आलेल्या कासारणीनं नोट देता देता विचारलं,
"कुठल्या खात्यात जातंय ओ हे?"
"वेशीच्या," त्या म्हणाल्या.

दिवेलागणीला बल्ब लागला.
पोर्टल नाही, मंजुरी नाही,
कामाआधीचा फोटो नाही, कामानंतरचा नाही.
किर्दीत फक्त एक ओळ, ग्रामसेवकाच्या तिरप्या अक्षरात:
स्वनिधी, १९०.

उजेडाखाली किडे जमले, मग लेकरं.
कौसाबाईंच्या मुठीत साठ रुपये सुटे उरले होते.
त्यांचं काय करायचं
हे कुणालाच विचारायचं नव्हतं.
म्हणून त्या पारावर बसून
बराच वेळ ठरवत राहिल्या.