सातवा प्रश्न

एमआरआयच्या आधी नर्सने कागद पुढे केला.
पेसमेकर? नाही.
कानात यंत्र? नाही.
गरोदर आहात का?
मी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. एकाहत्तर पूर्ण.
ती हसली, म्हणाली, विचारावं लागतं.
सातवा प्रश्न:
शरीरात कुठे धातूचा तुकडा, छर्रा, गोळीचा अंश?

पेन तिथेच थांबलं.

माझ्यात नाही.
वडिलांच्यात होते, चार.
चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात, पूर्वेकडच्या नदीकाठी
तोफगोळ्याच्या कपच्या शिरल्या,
तीन मांडीत, एक खांद्यात.
डॉक्टर म्हणाला, राहू दे, काढताना जास्त जाईल.
तर त्या राहिल्या.
राहिल्या म्हणजे हिंडल्या.
खांद्यातली दंडात उतरली, दंडातली कोपराकडे,
आणि एकाहत्तरच्या एका शनिवारी, सौनामध्ये,
वाफेनं कातडी मऊ झालेली असताना
कोपराशी काळा ठिपका होऊन वर आली.
आईनं शिवणाची सुई मेणबत्तीवर धरली.
कॉफीच्या बशीत टिण्ण.
राईएवढी.
वडील बशीकडे बघत म्हणाले,
सत्तावीस वर्षं राहिली, भाडं एक पैसा नाही.

युद्धाबद्दल त्यांनी सांगितलं ते एवढंच.
बाकी बोलायची ती मांडी.
तळहातानं चोळत म्हणायचे, उद्या बर्फ.
आणि रेडिओच्या आधी बर्फ पडायचा.

आता माझी कंबरही सांगते, उद्या बर्फ.
माझ्यात मात्र लोखंड नाही, लढाई नाही,
काजानीच्या शाळेच्या स्वयंपाकघरात
चौतीस वर्षं उचललेली वाटाण्याच्या सूपची पातेली आहेत.
त्यांचं पदक मिळत नाही.
फिजिओथेरपीचा पोरगा पिवळं रबर देतो,
दहा वेळा, तीन फेऱ्या, म्हणतो,
आणि मी दोन करून तीन लिहिते.

लेम्पीमावशी असती तर ओरडली असती.
एकोणिसाव्या वर्षी ती आघाडीवरून आलेली मुलं धूत होती.
गोठून आलेली. आधी शेकोटीशी ठेवायची,
मग हात सरळ करायचे, मग केस विंचरायचे,
म्हणजे घरी पेटी उघडली तर आईला ओळखू यावीत.
तिच्या बोटांना भेगा पडल्या त्या मिटल्याच नाहीत.
मलम लाव म्हटलं की म्हणायची,
मी कुठे आजारी आहे? मी तर जिवंत आहे.

रोज संध्याकाळी सात वाजता भावाचा फोन.
टाउनो, साखर?
आठ पूर्णांक दोन. तुझी कंबर?
कालचीच.
डोळ्यांत थेंब घातले?
डावा झाला, उजवा राहिलाय.
एका चौकीवरून दुसऱ्या चौकीला कळवावं तसं,
सगळं ठीक, सगळं ठीक,
आणि मध्ये लांब, पांढरी शांतता.

नाताळच्या आदल्या दिवशी थडग्यांवर मेणबत्त्या लावायच्या असतात.
परवा आम्ही दोघं गेलो, मी घसरखुर्चीवर बसलेली,
तो मागून ढकलणारा, धापा टाकत,
तीनदा थांबून.
सैनिकांच्या रांगेत काडी विझत होती.
चौथी पेटली.

नर्स म्हणाली, सातव्याला एवढा वेळ का लागला?
मी बशीचं सांगितलं.
ती गप्प झाली. मग म्हणाली,
आमच्या आजोबांची बाहेर आलीच नाही,
त्यांच्याबरोबरच गेली.
तिनं माझ्या मनगटावरचं घड्याळ हळूच काढून घेतलं.

दोन आठवड्यांनी पत्र आलं:
वयाला साजेशी झीज.
फोनवर टाउनोला वाचून दाखवलं.
म्हणजे काय गं, त्यानं विचारलं.

म्हणजे, उद्या बर्फ.